किनारी नौदल वॉरगेमिंग: पहिले नियम निवडताना काय पाहावे

प्रश्न असा आहे. टेबलावर नौदलाच्या लढाया खेळण्यासाठी १/६०० मापाची मिनिएचर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, तयार आहेत: दोन ब्रिटिश व्हॉस्पर एमटीबी (मोटर टॉर्पेडो बोटी), दोन जर्मन एस-बोटी (वेगवान टॉर्पेडो बोटी), एक सशस्त्र ट्रॉलर (तोफा बसवलेले मासेमारी जहाज) आणि दोन मालवाहू जहाजे. जागा म्हणजे घरचे जेवणाचे टेबल, १५० × ९० सेंमी. खेळणारे दोघे, दोघेही नवखे, हाताशी दोन तास. दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश खाडीत रात्रीच्या वेळी ज्या छोट्या बोटींच्या चकमकी झाल्या, त्या खेळायच्या आहेत. नियम कोणते घ्यावेत?

नवखा माणूस नियमपुस्तक उघडतो आणि आधी बोटींच्या याद्या पाहतो. कुठल्या बोटीवर किती मिमीची तोफ, कुठल्या वर्षी कोणते रडार बसवले वगैरे. त्या याद्यांवरून पुस्तक निवडू नका. किनारी लढाईचे नियम चांगले की वाईट हे तीन ठिकाणी कळते: टॉर्पेडो कसा चालतो, अंधारात कोणाला काय दिसते आणि लढाई संपते कशी. ही तीन जमली असतील तर तोफांचे तक्ते ढोबळ असले तरी खेळ रंगतो. ती फसली असतील तर चाळीस पानांची यादीही कामाची नाही.

आधी मापाचा घोळ मिटवू, कारण पहिल्याच संध्याकाळी सगळे इथे अडखळतात. मिनिएचरचे माप आणि टेबलावरच्या अंतराचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जाणारी बोट ३० सेकंदांत सुमारे ४६० मीटर कापते. १/६०० मापाने हे अंतर ७७ सेंमी होते, म्हणजे एका फेरीत अर्धे टेबल ओलांडले. १/३०० ला तर ते दीड मीटर होईल. म्हणून जवळपास सगळे नियम बोट मोठी ठेवतात आणि समुद्र आक्रसून घेतात.

हिशेब सोपा ठेवायचा तर फेरी ३० सेकंदांची धरा. इतक्या वेळात १ नॉट वेगाने साधारण साडेपंधरा मीटर अंतर जाते. तुमच्या टेबलासाठी १ नॉट म्हणजे अर्धा सेंमी धरा, की १ सेंमी म्हणजे सुमारे ३१ मीटर होतात. ३६ नॉटची एमटीबी फेरीला १८ सेंमी, ८ नॉटचे मालवाहू जहाज ४ सेंमी, ४० नॉटचा टॉर्पेडो २० सेंमी. टेबलाची लांबी साडेचार किलोमीटरच्या वर भरते, रात्रीच्या चकमकीला भरपूर. ६ × ४ फुटांचे टेबल असेल तर सरळ १ नॉट म्हणजे १ सेंमी ठेवा आणि पुढे दिलेली सगळी अंतरे दुप्पट करा. नियमपुस्तक कोणतेही असो, त्यातल्या वेगांची अशी फोड करून बघा. ३५ नॉटची बोट ८ नॉटच्या जहाजाच्या चौपटीहून जास्त धावली पाहिजे. काही ‘सुटसुटीत’ नियमांत हे प्रमाण दुपटीवर आणून ठेवलेले असते. मग एमटीबी मालवाहू जहाजाच्या पुढे जाऊन दबा धरूच शकत नाही आणि किनारी लढाईचा जीवच जातो.

या आक्रसलेल्या समुद्राचा एक तोटा आहे आणि तो टॉर्पेडोवर येतो. ७५ मीटरचे कोस्टर, म्हणजे किनाऱ्याने चालणारे मालवाहू जहाज, १/६०० ला साडेबारा सेंमी लांब होते. टेबलाच्या अंतराच्या मापाने मात्र ते जेमतेम अडीच सेंमी असायला हवे. म्हणजे लक्ष्य असायला हवे त्याच्या पाचपट लांब झाले. ‘टॉर्पेडो म्हणून ठेवलेली काडी मिनिएचरला टेकली की हिट’ असा नियम असेल तर नवखासुद्धा चारातले तीन टॉर्पेडो लावतो, आणि तिसऱ्या फेरीत जहाजे संपतात. मग दोघांनाही वाटते की खेळच फालतू आहे. दोष खेळाचा नसतो, या पाचपटीचा असतो.

उपाय असा: जहाजाच्या मधोमध, पूल (कप्तान उभा राहतो तो उंच मंच) आणि धुराड्याच्या भागात, अडीच सेंमी रुंदीचा पट्टा खुणेने आखा. काडी त्या पट्ट्याला लागली तर फाशावर ३ किंवा जास्त पडल्यास स्फोट. १-२ पडल्यास टॉर्पेडो निकामी निघाला किंवा खालून गेला. पट्ट्याबाहेर लागली तर फक्त ६ वर. छापील नियमांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात असू शकते, उदाहरणार्थ अंतर, लक्ष्याचा कोन आणि वेग यांवरून फाशाचा आकडा. तेही चालते. टेकल्यावर पुढे काहीच टाकायचे नसेल तर ते नियम बाजूला ठेवा.

नेम कसा लागतो हे एकदा जवळून पाहू. मालवाहू जहाज पूर्वेकडे ८ नॉटने चालले आहे, फेरीला ४ सेंमी. एमटीबी त्याच्या मार्गाच्या उत्तरेला, काटकोनात २० सेंमीवर, हळू चालत आहे. टॉर्पेडोला २० सेंमी जायला बरोबर एक फेरी लागते आणि तेवढ्यात जहाज ४ सेंमी पुढे सरकते. म्हणून नेम जहाजाच्या मध्यावर धरायचा नाही, मध्याच्या ४ सेंमी पुढे धरायचा. कोनात सांगायचे तर ११ अंशांच्या जरा वर. कंपासपेटीतला कोनमापक त्यासाठी पुरतो. आता ३ अंशांची चूक झाली असे धरा. २० सेंमीवर ती चूक १ सेंमीची होते, आणि अडीच सेंमीच्या पट्ट्यात मध्यापासून सव्वा सेंमीची मोकळीक असल्यामुळे टॉर्पेडो तरीही पट्ट्यातच लागतो. तीच ३ अंशांची चूक ४० सेंमीवरून केली तर २ सेंमीच्या वर जाते आणि पट्टा चुकतो. दोन फेऱ्यांत जहाजाने वळण घेतले तर गोष्टच संपली. जवळ जाऊन मारायला एमटीबीचे कप्तान जीव का धोक्यात घालत, हे या भूमितीत दिसते, वेगळा नियम लिहावा लागत नाही. ‘अगदी जवळून’ला मात्र लगाम हवा: सुटल्यावर काही अंतर धावल्याशिवाय टॉर्पेडोचा स्फोटक सज्ज होत नाही. खेळात ८ सेंमीच्या आत सोडलेला टॉर्पेडो निष्फळ धरा.

टॉर्पेडोबद्दल आणखी दोन बारकावे. पहिला: उथळ बुडाच्या नौकांखालून तो निघून जातो. टॉर्पेडो साधारण दोन-तीन मीटर खोलीवर धावायला लावलेला असे, तर एस-बोट आणि जर्मनांची सपाट बुडाची मालवाहू-तोफवाहू बार्ज, म्हणजे मरीनफेरप्राम, यांचे बूड पाण्यात दीड मीटरच्या आसपास. ब्रिटिश एमटीबींना या बार्ज डोकेदुखी ठरल्या त्या यामुळेच: टॉर्पेडो लागत नाही आणि बार्जवरच्या ७.५ किंवा ८.८ सेंमी तोफेपुढे लाकडी बोट टिकत नाही. नियमपुस्तक हातात आल्यावर हा एक मुद्दा शोधा. उथळ बुडाचा अपवाद त्यात असेल तर लिहिणाऱ्याला विषय कळतो असे समजायला हरकत नाही. माझ्या मते इतकी स्वस्त आणि खात्रीची दुसरी कसोटी नाही.

दुसरा बारकावा टूथपिकचा. टॉर्पेडो म्हणून टेबलावर टूथपिक ठेवली की समोरच्या खेळाडूला ती दिसते आणि तो लगेच जहाज वळवतो. टेबलावर दिसली म्हणून अंधारात, धुराने काळवंडलेल्या पुलावर उभ्या कप्तानालाही दिसलीच असे नाही. म्हणून मालवाहू जहाजांचा मार्ग बांधून टाका: पहिला स्फोट होईपर्यंत किंवा टॉर्पेडो १० सेंमीच्या आत येऊन फाशावर ६ पडेपर्यंत जहाजाने दिशा बदलायची नाही. रक्षक ट्रॉलरला ही अट लागू नाही.

आता पाळीचा क्रम. तीन पद्धती प्रचलित आहेत. एका बाजूने सगळ्या बोटी हलवायच्या, मग दुसऱ्या बाजूने, ही सर्वांत सोपी, आणि वेगवान बोटींसाठी सर्वांत वाईट. बोट फेरीत १८ सेंमी जाते आणि तोफेच्या जवळच्या टप्प्याची मर्यादा १५ सेंमी आहे. म्हणजे नंतर हलणारा दरवेळी लांबून येऊन, सोयीच्या कोनात उभा राहून, बिनधास्त मारतो. पहिल्याला काही करताच येत नाही. सावकाश चालणाऱ्या युद्धनौकांच्या खेळांतून उचललेल्या नियमांत हा दोष हमखास सापडतो.

दुसरी पद्धत लेखी हुकमांची: दोघांनी प्रत्येक बोटीचा वेग आणि वळण कागदावर लिहायचे, मग एकदम उघडायचे. खरेपणाच्या दृष्टीने हीच उत्तम. पण बाजूला तीन बोटी असल्या की लिहिण्यातच फेरीला पाच-सात मिनिटे जातात, आणि नवखा डावे-उजवे चुकवतो, कारण बोट त्याच्याकडे तोंड करून येत असते. दहाव्या खेळाला ही घ्या, पहिल्याला नको.

तिसरी: प्रत्येक बोटीचे एक पान किंवा रंगीत टोकन पिशवीत घालायचे, निघेल ती बोट हलणार आणि मारणार. नवख्यांनी हीच घ्यावी. वॉरलॉर्ड गेम्सने २०१८ मध्ये काढलेल्या ‘क्रुएल सीज’मध्ये अशीच पिशवी आहे, तो खेळ १/३०० मापासाठी आहे, म्हणून तुमच्या टेबलावर घ्यायचा झाल्यास अंतरे निम्मी करा. पिशवी नसली तर पत्त्यांचा कॅट आहेच: एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला काळी पाने, आकड्याने बोट ठरवा. जोकर निघाला की फेरी तिथेच तोडायची, असा नियम काही ठिकाणी असतो. सुरुवातीला जोकर काढून ठेवा. एखाद्याची बोट तीन फेऱ्या जागची हलली नाही की तो पुढच्या वेळी येत नाही.

पाळी कोणतीही असली तरी टॉर्पेडो सर्वांत शेवटी, सगळे एकदम हलवा, आणि सोडलेल्या फेरीत नाही, त्याच्या पुढच्या फेरीपासून. वरचा ४ सेंमीचा हिशेब याच क्रमावर उभा आहे. एस-बोटीसारख्या वेगवान लक्ष्यावर टॉर्पेडो सोडला तर दोघांचे मार्ग एकमेकांना छेदूनही काडी आणि बोट एका जागी येत नाहीत, कारण एक आधी हलते आणि दुसरी नंतर. त्यावर वाद घालत बसू नका. छोट्या बोटींवर टॉर्पेडो चालतच नाही असे ठरवले की प्रश्न मिटला, आणि बुडाच्या खोलीमुळे ते खरेही आहे.

अंधाराचे नियम नवखे गाळतात, ‘पुढच्या वेळी घेऊ’ म्हणून. उलट करा: तोफांचे नियम कमी करा, पण अंधार ठेवा. दिवसाउजेडी व्हॉस्परने रक्षक असलेल्या काफिल्यावर जायचे म्हणजे आत्महत्या. ही बोट लाकडी आहे, बावीस मीटरच्या आसपास लांब, पोटात पेट्रोलच्या टाक्या. तिचे सगळे बळ न दिसण्यात आहे. व्हॉस्परच्या सुरुवातीच्या बोटींना हळू आणि कमी आवाजात सरकता यावे म्हणून मुख्य इंजिनांखेरीज फोर्डची छोटी व्ही-८ इंजिने दिलेली होती. रॉबर्ट हिचेन्ससारखे ब्रिटिश एमजीबींचे (मोटर गनबोटींचे) नायक शत्रूच्या परतीच्या वाटेवर इंजिने बंद करून कानोसा घेत थांबत.

टेबलावर हे असे आणा. प्रत्येक एमटीबीच्या जागी पुठ्ठ्याची पालथी चकती, शिवाय एक खोटी चकती. दोन बोटींना तीन चकत्या. दिसण्याचे अंतर बोटीच्या वेगावर ठरते: ८ नॉट किंवा कमी असेल तर १५ सेंमी, २४ नॉटपर्यंत २५ सेंमी, त्यावर ४० सेंमी. वेगवान बोटीच्या मागे उठणारा पांढरा फेस आणि इंजिनांचा गडगडाट तिला उघडी पाडतात, म्हणून हा फरक. त्या अंतरात शत्रूची नौका आली की चकती उलटायची. जी बोट तोफ चालवते ती लगेच सर्वांना दिसते. रक्षक जहाजाला फेरीत एकदा तारागोळा (आकाशात पेटून उजेड पाडणारा गोळा) सोडता येतो: ५० सेंमीच्या आत कुठेही खूण ठेवा, तिच्याभोवती २० सेंमीत सगळे उघडे, पुढच्या फेरीअखेरपर्यंत. बस. रडार, चंद्र, धुके हे पुढे येऊ द्या.

या एका नियमाने खेळाडूची चाल बदलते. तो पूर्ण वेगाने धावत येत नाही. ८ नॉटने सरकत काफिल्याच्या पुढे जाऊन थांबतो, २० सेंमीवरून टॉर्पेडो सोडतो आणि मग इंजिने पूर्ण उघडून पळतो. नियमात ‘असे करा’ कुठेच लिहिलेले नसते.

तोफांवर फार शाई घालवत नाही. लक्ष्याच्या बाजूला मारू शकणाऱ्या प्रत्येक जोडतोफेला किंवा मोठ्या तोफेला २ फासे, एकेरी लहान तोफेला १. १५ सेंमीपर्यंत ५-६ वर मार, ३० सेंमीपर्यंत फक्त ६ वर. मारणारी बोट २४ नॉटच्या वर असेल तर एक फासा कमी, कारण उड्या मारणाऱ्या फळीवरून नेम धरता येत नाही. इथेच थांबा. पुस्तकात फाशाला जोडायच्या-वजा करायच्या गोष्टी सहापेक्षा जास्त असतील तर ते नवख्यांचे पुस्तक नाही, मलपृष्ठावर काहीही छापलेले असो.

हे आकडे तोलून बघण्याची सवय लावा. ४ फासे टाकणारा ट्रॉलर जवळून फेरीला सरासरी १.३ मार बसवतो. व्हॉस्परला ४ चौकोन दिले, म्हणजे चार मार सोसून ती बुडते असे धरले, तर ती तीन फेऱ्यांत संपते. म्हणजे हल्ला करून पळायला तिच्याकडे दोन फेऱ्या आहेत, तिसरीत जुगार. हे बरोबर वाटते. तिला १० चौकोन दिले असते तर ती सात-आठ फेऱ्या ट्रॉलरशी समोरासमोर झुंजली असती आणि टॉर्पेडो सोडायचे कोणाला आठवलेच नसते. छापील पुस्तकातली बोट घ्या, जवळच्या अंतरावरून तिच्यावर होणारा सरासरी मार काढा, चौकोनांना त्याने भागा. उत्तर दोन ते चार फेऱ्या आले तर ठीक.

प्रत्येक माराला एक चौकोन जातो, शिवाय एक फासा: १ ते ३ आणखी काही नाही, ४ एक तोफ बंद, ५ इंजिन, वेग निम्मा, ६ आग. आगीपाशी दोन्ही बाजूंत खरा फरक आहे आणि तो गाळू नका. व्हॉस्परची तीन पॅकार्ड इंजिने पेट्रोलवर चालत, एस-बोटीची तीन डाइम्लर-बेंझ डिझेलवर. एमटीबीला आग लागली की फेरीअखेर फासा टाका: १ पडला तर बोट उडाली, ५-६ पडला तर आग विझली, मधले आकडे एक चौकोन खातात. एस-बोटीची आग एक चौकोन खाऊन विझते. एस-बोट चौतीस-पस्तीस मीटर लांब, तिला ६ चौकोन द्या. टॉर्पेडो लागलेले कोस्टर ३ किंवा जास्त पडल्यास बुडते, नाहीतर जागच्या जागी थांबते.

वळणे: २४ नॉटच्या वर बोटीला अर्धे अंतर गेल्यावर एकदा आणि शेवटी एकदा, प्रत्येकी ४५ अंशांपर्यंत. त्याखाली त्याच दोन जागी प्रत्येकी ९० अंश. ट्रॉलर आणि कोस्टर फेरीला एकदा ३० अंश. पुठ्ठ्याचा ४५ अंशांचा त्रिकोण कापून ठेवला की अंदाजपंचे वळवणे बंद होते. भांडणे तिथूनच सुरू होतात. वेग फेरीला जास्तीत जास्त १२ नॉटने, म्हणजे ६ सेंमीने, वाढतो. कमी होतो २० नॉटने. टॉर्पेडो सोडायच्या फेरीत बोट सरळच जायला हवी.

शेवट कसा होतो हे बहुतेक पुस्तके विसरतात. खऱ्या चकमकी काही मिनिटांत आटोपत. टॉर्पेडो सुटले की एमटीबीला तिथे थांबायचे कारण उरत नसे. माघारीचा नियम नसेल तर मात्र नवखे शेवटची बोट बुडेपर्यंत गोल-गोल फिरत राहतात. म्हणून बोटीचे निम्मे चौकोन गेले की दर फेरीला फासा: ४ किंवा जास्त पडला तर ती लढाईत राहते, नाहीतर आपल्या कडेकडे वळते. गुण कोस्टर बुडवण्याचे ५, थांबवण्याचे २, ट्रॉलर किंवा एमटीबी बुडवण्याचे ३. दोन्ही एमटीबी सुखरूप गेल्या तर ब्रिटिशांना आणखी २.

फेऱ्यांची संख्याही आधीच बांधा. कोस्टर फेरीला ४ सेंमी जाते. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला ३७-३८ फेऱ्या लागतील, आणि पहिल्या वीस फेऱ्यांत काहीच घडणार नाही. काफिला टेबलाच्या लांबीच्या मध्याच्या जरा मागे सुरू करा, चकत्या त्याच्यापासून ५० सेंमीवर, बारा फेऱ्या खेळा. फेरीला सात मिनिटे धरली तर दीड तासाच्या आत उरकते आणि बाजू बदलून बोलायला वेळ राहतो. पहिल्या संध्याकाळी फक्त दोन एमटीबी, एक ट्रॉलर आणि दोन कोस्टर. एस-बोटी तिसऱ्या बैठकीपर्यंत कपाटात राहू द्या. वेगवान बोट विरुद्ध वेगवान बोट दिसायला झकास, पण त्यात टॉर्पेडोला काम नाही, आणि मग खेळ नुसत्या फाशांचा होतो.

छापील नियम विकत घ्यायचेच असतील तर त्यांची परीक्षा अर्ध्या तासाची आहे. झटपट संदर्भाचे पान ए-४ च्या एका बाजूवर मावते का पाहा. मग एक बोट, एक जहाज आणि एक टॉर्पेडो एवढेच घेऊन चार फेऱ्या खेळा आणि पुस्तक किती वेळा उघडावे लागले ते मोजा. चौथ्या फेरीतही प्रत्येक हालचालीला पान उलटावे लागत असेल तर सहा बोटींनी ते जमणार नाही. दहा बाजूंचा फासा मागणारे नियम टाळायची गरज नाही. पत्त्यांतली एका रंगाची एक्का ते दहा पाने पिसून काढली तरी तेच काम होते. इंचात दिलेली अंतरे शिलाईच्या टेपने मोजता येतात, त्या टेपवर दोन्ही बाजू असतातच.

साहित्याचे दोन शब्द. मिनिएचर ३ मिमी सनबोर्डाच्या तळावर फेविकॉलने चिकटवा. तळ बोटीपेक्षा दोन्ही टोकांना अर्धा-एक सेंमी मोठा ठेवा, म्हणजे बोट तळाला धरून हलेल आणि डोलकाठ्या मोडणार नाहीत. सगळी मोजमापे तळाच्या मध्यबिंदूपासून करा, नाळेपासून (पुढच्या टोकापासून) नाही. मोठ्या मिनिएचरची फसवी लांबी इथेही आड येते. समुद्र म्हणून गडद निळे, न चमकणारे कापड घ्या. चकचकीत रेक्झिनवर तळ घसरतात, आणि रेक्झिनवर खडूने ओढलेली मार्गरेषा पुसतही नाही नीट. टॉर्पेडोला टूथपिक, आगीला लाल-पिवळ्या लोकरीचा धागा, धुराला कापूस. कापसाचा गोळा तळावर ठेवा, बोटीवर नको. उचलताना तोफा घेऊन येतो.

यानंतर काय खेळावे, असाही प्रश्न ओघाने येतो. लाइम उपसागरात २७-२८ एप्रिल १९४४ च्या रात्री नऊ एस-बोटींनी सराव करणाऱ्या अमेरिकी एलएसटींच्या (रणगाडे उतरवणाऱ्या जहाजांच्या) रांगेवर हल्ला केला, दोन बुडाल्या, तिसरीचा मागचा भाग उडाला. नाव मोठे असल्यामुळे लोक पहिल्यांदा तीच लढाई मांडतात. मांडू नका: सोबत एकच कॉर्व्हेट (छोटी रक्षक युद्धनौका) होती आणि तीही रांगेच्या तोंडाशी, त्यामुळे अमेरिकी बाजूच्या खेळाडूला करण्यासारखे काहीच उरत नाही. त्यापेक्षा ब्रह्मदेशातल्या अराकानच्या किनाऱ्यावरच्या खाड्या घ्या. रॉयल इंडियन नेव्हीच्या फेअरमाइल मोटर लाँच तिथल्या चाउंगांमध्ये, म्हणजे या खाड्यांमध्ये, जपानी होड्यांच्या मागावर असत. लाँचचा वेग २० नॉट, म्हणजे तुमच्या मापाने फेरीला १० सेंमी. वाट अरुंद, दोन्ही काठांवर झाडी, टॉर्पेडो नाहीतच. वरचेच नियम चालतात, फक्त दिसण्याची अंतरे निम्मी करा आणि काठावर लपलेल्या तोफेसाठी एक-दोन चकत्या वाढवा.

आंग्र्यांचे आरमार खेळायची इच्छा मराठी माणसाला होणारच. होऊ द्या, पण हे नियम तिथे लागू पडणार नाहीत, कारण तिथे वारा हाच मुख्य नियम आहे. दोन डोलकाठ्यांचा गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांचा तीनशेपर्यंत, नाळेवरून पुढे मारणाऱ्या तोफा. गलबत सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, जिथे त्याच्या दोन्ही बाजूंवरच्या तोफा पोचत नाहीत. पालाच्या जहाजांचे नियम घेताना म्हणून दोन गोष्टी तपासा: वारा फेरीगणिक पडू किंवा फिरू शकतो का, आणि एक नौका दुसरीला ओढू शकते का. युरोपी रांगयुद्धासाठी लिहिलेल्या बहुतेक नियमांत दुसरी सोय नसते. ती स्वतः घालावी लागते. दोन गलबते एका गुराबाला वल्ह्यांच्या निम्म्या वेगाने ओढतील, आणि ओढताना कोणीच मारणार नाही, एवढे पुरे.

डिसेंबर १९७१ मधला कराचीवरचा क्षेपणास्त्रबोटींचा हल्ला टेबलावर मांडू नका. त्या क्षेपणास्त्रांचा पल्ला ४० किलोमीटरच्या घरातला. आपल्या मापाने ते तेरा मीटर झाले. तो नकाशावर, पेन्सिलीने, दोन वेगळ्या खोल्यांत बसून आणि मध्ये तिसरा माणूस पंच ठेवून खेळायचा खेळ आहे.